कोंडाबाईचं खातं

राजूबाईनं कोंडाबाईचं मनगट धरून तिचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला, तशी बँकेच्या टेबलापलीकडच्या मॅडमनं पॅड आपल्याकडं ओढून घेतलं.

"त्यांचा अंगठा त्यांना लावू द्या."

मॅडमचं नाव सुधारानी. रायचूरकडच्या. इथल्या बँकेत आल्यावर मराठी शिकलेल्या, म्हणून थांबत थांबत बोलायच्या. आपली ही नणंद जन्मापासून मुकी-बहिरी आहे आणि तिच्याजवळ कसलंच कार्ड नाही, हे राजूबाईनं सांगितल्यापासून त्यांची नजर बदलली होती. कार्ड का नाही, तेही सांगून झालं होतं. डोळ्यांसमोर यंत्र धरलं की कोंडाबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यायची. आधारच्या शिबिरातून दोनदा पळून आली, मग घरातलं कुणी तिला न्यायच्या भानगडीत पडलं नाही. आता पंचायतीतला माणूस म्हणत होता, हिचं मासाशन, म्हणजे अपंगांची महिन्याची पेन्शन, सुरू करायची तर आधी हिच्या नावाचं खातं पाहिजे.

कार्ड नसलं तरी लहान खातं निघतं, मॅडम म्हणाल्या होत्या. एक फोटो आणि माझ्यासमोर अंगठा. वर्षभरात कार्डाचा अर्ज मात्र केला पाहिजे. फोटो राजूबाईच्या लेकीनं मोबाईलवर कसाबसा काढून दिलेला होता. सगळं जुळत आलं होतं.

"खातं कुणाला पाहिजे?" मॅडमनं विचारलं.

"हिलाच की."

"त्यांनी सांगितलं तसं?"

"ती कशी सांगंल? तिचं बोलणं माझ्याबिगर कुणालाच कळत न्हाई."

"म्हणूनच, अक्का. तुम्ही जरा बाहेर बसा."

राजूबाई काचेबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसली. कानशिलं तापली होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून हिचं केलं. तापात उशाशी बसले, डोक्याच्या जटा सोडवल्या, सख्खा भाऊ वैतागला तरी मी ताट वाढलं. आणि ही कालची बाई मला चोर समजायली.

आत मॅडम खुर्ची घेऊन कोंडाबाईजवळ बसल्या. त्यांची पाठ काचेकडं होती. त्या काय विचारतात ते राजूबाईला दिसत नव्हतं. कोंडाबाईचे हात तेवढे दिसत होते, आणि ते थांबत नव्हते. दोन्ही पंजे तिरपे जोडून घर दाखवलं. हातावर हात थापून भाकरी दाखवली. घरात दिवसभरात दोन-चार खुणा करणारी बाई आज बोलायला बसल्यासारखी बोलत होती.

राजूबाईला बसवेना. ही काय सांगायली असंल?

मग कोंडाबाईनं मूठ वळून मनगट फिरवलं आणि काचेतून थेट राजूबाईकडं बोट केलं.

राजूबाई बाकड्यावरून उठली. ती खूण तिचीच होती. तिनंच शिकवलेली.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मूठ वळून तसंच मनगट फिरवलं. "हे म्हणजे काय?"

काहीही सांगता आलं असतं. नळाची तोटी, गिरणी, काहीही. खोटं धरणारं तिथं कुणी नव्हतं. पण काचेमागून कोंडाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी कुणी बोलायला लागलं की ती अशीच टक लावून ओठ बघायची.

"कुलूप," राजूबाई म्हणाली.

"आणि बोट तुमच्याकडं?"

राजूबाईनं पदर तोंडाला लावला, परत काढला.

"पाव्हणे आले की आतल्या खोलीत ठेवावं लागतं तिला. पोरीला बघायला येतात, नवी माणसं असतात. ही हातवारे करत मधी येती. घरात असं माणूस हाय म्हणलं की सोयरीक मोडती, मॅडम. मी खूण केली की ती आपली आपण जाऊन बसती. कुलूप मी लावते, व्हय. पण उपाशी कधी ठेवली न्हाई. जेवण, पाणी, समदं आत देते."

मॅडमनं आत कोंडाबाईकडं हात केला.

"मी त्यांना विचारलं होतं, पासबुक कुठं ठेवणार."

राजूबाईचा हात कमरेकडं गेला. तिथं पेटीची किल्ली लटकत होती. घरातलं नवं लुगडं असो की कागद, सगळं त्याच पेटीत, कुलपात जायचं.

मॅडम आत गेल्या. कोंडाबाईनं आपल्या हातानं अंगठा उठवला. इतका वेळ दाबून धरला की कागद अंगठ्याला चिकटून वर आला, आणि ती हसली.

पासबुक तयार झालं तसा राजूबाईनं सवयीनं हात पुढं केला. मॅडमनं ते कोंडाबाईच्या हातात दिलं. तिनं उघडून आपला फोटो बघितला, पासबुक चोळीत सारलं आणि चपला घालून बाहेर पडली.

राजूबाई मागं रेंगाळली. मी तसली बाई न्हाई, असं काहीसं ती म्हणाली. पुढच्या वेळी त्यांना एकटीलाच पाठवा, एवढंच मॅडम म्हणाल्या.

"एकटी? वाटंत कुणाला काय सांगंल ती? कुणाला कळंल?"

बाहेर रस्त्यावर कोंडाबाईनं हात आडवा घालून गावाकडं, मुडबीला जाणारा ऑटो थांबवला होता. तिनं ड्रायव्हरला दोन बोटं दाखवली, मग बँकेच्या दाराकडं बोट केलं. ड्रायव्हरनं मान डोलावली, मागच्या माणसांना सरकून बसायला सांगितलं आणि राजूबाईची वाट बघत ऑटो बंद केला.