जानेवारीतले फटके

तिसऱ्या फटक्याला कमलाकर आडवे झाले आणि हॉलमधली बावीस माणसं हसली. मीनाक्षीने हातातली फळी पुन्हा उगारली. तिच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की आवाज बंदुकीसारखा यायचा, मार मात्र नावापुरता. निदान तसं सगळे म्हणत.

तिसऱ्या रांगेत वैभवी वही घेऊन बसली होती. कमलाकरांना उठायला बराच वेळ लागला. लोकांना तोही विनोदच वाटला. तिलाही.

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या त्या छोट्या गावच्या कौन्सिलमध्ये ती सांस्कृतिक विभाग सांभाळायची. या खेळाविरुद्ध तक्रार आली होती. खाली नाव नव्हतं, नुसतं ‘एक प्रेक्षक’. ‘बहात्तर वर्षांच्या माणसाला अर्धा तास बदडायचं आणि त्यावर हसायचं, हे आता थांबवा. डाव्या खांद्यावरचा फटका खोटा नसतो. खेळ संपल्यावर तो माणूस मागच्या जिन्यावर कितीतरी वेळ बसून राहतो.’

“नेहमी येणारं कुणीतरी दिसतंय,” तिची बॉस हेलन म्हणाली. “बरंच झालं. हॉल लग्नांना देऊ.”

वैभवी सहा वर्षांची असताना बाबा तिला वेम्बलीहून ट्रेनने इथे घेऊन आले होते. हसता हसता तिचा हलणारा दात पडला होता. त्यानंतर एकही जानेवारी चुकला नव्हता.

तीन आठवडे ती रिपोर्ट लिहीत बसली. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये नाताळच्या नाटकाच्या शेवटी हा धिंगाणा चालायचा. रंगवलेल्या तोंडाचा विदूषक, मार खाणारा कंजूष म्हातारा, सॉसेजच्या माळेत अडकणारा पोलीस, जमिनीत गडप करणारे चोरदरवाजे. नाटक कुणी धड बघत नसे. सगळे या शेवटासाठी थांबत. मग नाटकं लांबत गेली, गाणी आली, नावाजलेले नट आले. शेवट अर्ध्या तासावर आला, मग दहा मिनिटांवर, मग कुणाच्या लक्षातही न येता गळून गेला. या गावात तो कसाबसा तगला होता.

तगला तो मीनाक्षीमुळे. ती हॉलच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती, तेव्हा तिथल्या शेवटच्या इंग्रज विदूषकाने तिला सगळं शिकवलं. मार खायला म्हातारा मिळेना म्हणून तिने पोस्टात नोकरी करणाऱ्या नवऱ्याला उभं केलं. एका जानेवारीपुरतं. त्याला चौतीस वर्षं झाली.

चौकशीसाठी वैभवी त्यांच्या घरी गेली. मीनाक्षीने पोहे केले होते.

“काका, तुम्हाला लागतं का?” तिने विचारलं.

“छे गं!” मीनाक्षी म्हणाली. “रोज सकाळी मीच तेल चोळून देते की खांद्याला. या खेळावर जीव आहे त्यांचा.”

वैभवी कमलाकरांकडे पाहत राहिली. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“तू नियमाप्रमाणे काय ते कर,” ते म्हणाले. “लिहिणाऱ्याचंही काही अगदीच चुकलं नसेल. निर्णय केव्हा आहे?”

“पुढच्या गुरुवारी. पण ही निर्णय एकटी माझी नाही.”

“हा निर्णय. माझा,” मीनाक्षीने हसून सुधारलं.

निघताना कमलाकरांनी दारात पुन्हा विचारलं, “गुरुवारी नक्की ना?” किती धास्तावलेत, वैभवीला वाटलं. रात्रंदिवस राबायला तेवढं पुरे होतं.

गुरुवारी ती कमिटीपुढे चाळीस मिनिटं बोलली. फळी सोबत नेली होती; स्वतःच्या हातावर मारून दाखवली. हा प्रकार आपण बंद केला तर तो संपला, असं सांगताना तिचा आवाज फाटला. हेलन खिडकीबाहेर बघत होती. शेवटी पाच विरुद्ध दोन मतांनी तक्रार फेटाळली गेली. एवढंच नाही, पुढची पाच वर्षं हॉल जानेवारीत राखून ठेवायचं ठरलं.

ती थेट त्यांच्या घरी गेली.

बातमी ऐकून मीनाक्षी मटकन खुर्चीत बसली. मग उठली, वैभवीचा चेहरा दोन्ही हातांत धरून मुके घेतले. “अहो, ऐकलंत का? पाच वर्षं!” पदराने डोळे पुसत ती आत गेली, खेळात पोलिसाचं काम करणाऱ्या शशिधरला फोन लावायला. तिचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. अडुसष्ट वर्षांची बाई पोरीसारखी हसत होती.

कमलाकर वैभवीला गाडीपर्यंत सोडायला आले. पायऱ्या त्यांनी एकेक करून उतरल्या. समुद्रावरून बोचरा वारा येत होता.

“पाच वर्षं,” ते म्हणाले.

“हो काका! हवं तर पुढे अजून वाढवून घेऊ.”

त्यांनी मान हलवली. गाडीच्या दारावर हात ठेवला.

“या निर्णयावर अपील करता येतं का गं?”

“कशाला काका? आपण जिंकलोय.”

“तक्रार करणाऱ्याला करता येतं का, ते विचारतोय.”

“येतं. अठ्ठावीस दिवसांत. पण तुम्ही काळजी नका करू, कुणी करणार नाही.”

कमलाकरांनी एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “त्याला नाव लिहावं लागतं, की मागच्यासारखं बिननावाचं पाठवलं तरी चालेल?”