भुऱ्याचं उपोषण

प्रकाशा गावच्या वत्सलाबाई लेकाकडे सुरतला राहायला गेल्या. नातवाला दम्याचा त्रास, म्हणून त्यांचा परदेशी पोपट भुऱ्या शेजारच्या पितांबर गुरुजींकडे आला.

आला तो उपोषणालाच बसला. पेरू, कोवळं कणीस, भिजवलेले हरभरे, कशाकडे म्हणून ढुंकून पाहीना. भल्याभल्या हट्टी पोरांना वळण लावलेल्या गुरुजींनी तिसऱ्या दिवशी हात टेकले आणि सुरतला फोन लावला.

"काय रे भुऱ्या, इतला काय मिजास करस? खाय ले गुमान!" वत्सलाबाई फोनमधून कडाडल्या, आणि भुऱ्याने निमूटपणे कणसावर चोच मारली.

मग रोज दुपारी हाच पाठ. पण गुरुजीही चिकाटीचे. महिनाभर पिंजऱ्याजवळ बसून त्यांनी गोडीगुलाबीने भुऱ्याला आपल्या हातून खायला शिकवलं. ज्या दिवशी तो आपणहून जेवला, त्या दिवशी त्यांनी वत्सलाबाईंच्या सुनेला ऐटीत कळवलं, "भूमिका, आता रोजच्या फोनची गरज नाही. पोरगं शिकलं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी भूमिकाचाच फोन आला. आवाज दबका होता. "गुरुजी, आई कालपासून जेवल्या नाहीत. म्हणतात, आता माझं कुणालाच काम उरलं नाही. देऊ का त्यांच्याकडे फोन?"



जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवणारे गुरुजी, कणीस कुरतडण्यात दंग झालेल्या भुऱ्याकडे पाहत फोनवर ओरडले, "वहिनी, हाऊ भुऱ्या आज बी ऐकस नही! जरा रागे भरा याले!"