डावी बाजू

डाव्या स्तनाला हात लागला आणि यूश्वान थबकली. टणक, गरम. पपनस हातात यावं तसं.

"आई, इथे हात लाव," ती हळूच म्हणाली.

आई सकाळच्या गाडीने माहेराहून, चियायीहून आली होती. दोन गावठी कोंबड्या, बाळाचे मोजे, आणि पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला पावडरच्या दुधाचा डबा. विहीणबाईंना दिसू नये म्हणून.

आईने हात लावला, आणि तो तिथेच राहिला. यूश्वान सतरा वर्षांची असताना तिथे अशीच गाठ आली होती. बघता बघता इतकी वाढली की गणवेशाची बटणं लागेनात. साधी गाठ, कर्करोगाची नव्हे. तरी पहिला डॉक्टर म्हणाला, अख्खा स्तनच काढू. आईने लेकीला उठवलं आणि दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "गाठीने हिचं सगळं कडेला रेटलंय, खाल्लं नाही. मी तेवढी गाठ सोडवून घेते. पोरीचं ते पोरीकडे राहू दे." स्तनाखालच्या घडीत कापून त्यांनी ती अख्खी काढली. दुधाचं विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, "वाटा जमतील तेवढ्या वाचवल्यात. बाकी वेळ आली की कळेल."

ती वेळ आता आली होती. उजवीकडे कालच दूध उतरलं. डावीकडे थेंब नाही, आणि आज हे.

"तीच आहे का गं?"

"गप्प बस," आई म्हणाली. "आधी हॉस्पिटलला फोन लावू. बाळाच्या दुधाची काळजी करू नकोस, डबा आणलाय मी."

"कसला डबा?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात दूध उतरावं म्हणून शेंगदाणे घालून शिजवलेल्या डुकराच्या पायांचं सूप, आणि नजर खिडकीवर. "आणि ही कुणी उघडली? बाळंतिणीला वारं लागू देतात होय, विहीणबाई? चियायीत चालत असेल."

यूश्वानने सदरा ओढून घेतला. "अहो आई, मला जरा..."

सासूबाईंनी वाडगा ठेवला आणि सदरा सरळ बाजूला केला. कपडे उसवून नव्याने बेतण्यात त्यांचा जन्म गेला होता. घडीतली पांढरी रेघ त्यांना लगेच दिसली.

आईने डोळे मिटले. लग्न ठरताना जावयाला सगळं सांगितलं होतं. विहीणबाईंना नाही.

सासूबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. "छान शिवलंय. कापड कुठे ओढलेलं नाही." मग आईकडे न बघताच, "एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

पाळण्यात पोरगी रडायला लागली.

"आधी हिला घे. फोन कुठे पळून जात नाही."

"या बाजूला नाही येत दूध," यूश्वान म्हणाली.

"तिला विचारलंस?"

पोरीने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. मग एकदम धरलं, असं की यूश्वानच्या पायापर्यंत कळ गेली. नुसती ओढ. ओढ आणि काहीच नाही. आईची नजर पिशवीकडे गेली.

मग गटक. एकच. यूश्वानने कान दिला. गटक, गटक. पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा ओघळ सुटला आणि गळ्याच्या वळीत शिरला.

यूश्वानने टणक जागेवर बोटं टेकवली. कडेची टणक जागा आता बोटाखाली दबत होती. मग आतली.

"आई, हात लाव."

या वेळी आई जरा घाबरतच पुढे झाली. हात लावला आणि खाली बसली. "पान्हा फुटला गं," एवढंच म्हणाली.

"रोज होणार असली दुधाची गाठ," सासूबाई म्हणाल्या. "आणि रोज हीच काढणार. भारी डॉक्टरीण आहे, भूल न देताच." त्यांनी खिडकी लावली. "विहीणबाई, हिच्या पायाखाली काहीतरी द्या. मांडी वर पाहिजे."

आई पिशवीपाशी वाकली. टॉवेल सोडला, डबा काढला आणि त्याचं सील न तोडता तो यूश्वानच्या डाव्या पायाखाली सरकवला.