डोहातला तांब्या

लक्ष्मीकांत फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं खुपसलं आणि डोहाच्या काठावर उभ्या असलेल्या मनकर्णाबाईने पदर तोंडावर ओढला. विलायती कॅमेऱ्याचं तोंड थेट तांब्याकडे होतं.

खामगावच्या त्या नाल्याकाठी कापसाच्या जिनिंगवाल्यांना गठाणी बांधायचा नवा प्रेस उभारायचा होता. त्यासाठी त्यांनी पंप लावून डोह उपसला आणि गल्लीने तीस वर्षांत गुपचूप बुडवलेलं सगळं चिखलातून वर आलं. माळकरी उत्तमरावांची चिलीम आली. रामराव दुकानदारांचं दुहेरी बुडाचं मापही आलं. अख्खी गल्ली माना खाली घालून हिंडत होती. हरखला होता तो एकटा लक्ष्मीकांत. नवरानवरींना ताठ बसवून त्यांचे फोटो काढायचा त्याला भारी कंटाळा आला होता.

"महिन्याभरात इथे भिंत येईल," तो म्हणाला. "मग हे कोणाला दिसणार? मोठा फोटो करतो अन् बाजाराच्या दिवशी चौकातल्या माझ्या दुकानाच्या काचेत लावतो."

तांब्यावर ठळक नाव कोरलेलं होतं, 'कौशल्या'. मनकर्णाबाईच्या सासूचं. तांब्या सासूच्या माहेरचा. रोज सकाळी सासू तो उन्हात धरायची, कुठेतरी डाग शोधायची आणि पुन्हा घासायला द्यायची. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी, तिसऱ्यांदा घासताना, मनकर्णाबाईचं टाळकं सटकलं. तांब्या डोहात गेला. घरी मात्र वानराने पळवल्याची बातमी गेली. सासूने दोन दिवस वानरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेव्हापासून मनकर्णाबाईला तिचं मन खात होतं. म्हणून तव्यावरची पहिली भाकर सासूला. दुधावरची साय सासूला. दुपारी घटकाभर पाय दाबणं, तेही न चुकता. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणायच्या, आणि ते ऐकून ती आणखीच खजील व्हायची. आता सगळं उघडं पडणार होतं. सासू रोज पोथी वाचायची. काचेतलं नाव वाचायला तिला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई पदर सावरत लक्ष्मीकांतच्या दुकानात शिरली.

"भाऊ, त्या तांब्यावरचं नाव तेवढं बुजवा. पाया पडतो तुमच्या."

लक्ष्मीकांतच्या हातात फोटो छापायची काच आणि बारीक कुंचला होता. "अहो, बुजवायलाच बसलोय. कौशल्याबाई सकाळीच सांगून गेल्या. तुम्हाला कळू देऊ नको म्हणून शपथ घातली त्यांनी मला."

एवढं बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. मनकर्णाबाई नवरीच्या खुर्चीत मटकन बसली.

"काय म्हने माही सासू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लक्ष्मीकांतने सांगून टाकलं. "म्हणाल्या, 'तिनं तांब्या फेकला तवा मी काठावरच होतो, बापा. पर आता नाव चौकात दिसलं तं मले बोलाच लागीन. दोन दिवस भांडन होईन, अन् मंग माहे पाय कोन दाबीन?'"

मनकर्णाबाईचा चेहरा लाल झाला. नऊ वर्षांची साय तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग कुठूनसं हसू आलं आणि ते तिला आवरेना. हसता हसता तिने उठून लक्ष्मीकांतच्या हातातला कुंचला काढून घेतला.

"नाव बुजवू नका, भाऊ," ती म्हणाली. "मोठं करता येत असन, तं मोठं करा."