आईची पहिली फेरी

निवृत्तीनंतर बाबांनी हौसेनं इंजिनवालं ग्लायडर घेतलं, पण आई त्यात पाऊल ठेवायला तयार नव्हती. शेवटी लेकीनंच गळ घातली, "अगं, एकदा तरी बस ना त्यांच्याबरोबर!" त्याच फेरीत ग्लायडर शेताच्या बांधावर आदळलं आणि दोघंही गेली.

स्वतःला दोष द्यायचा धीर होईना, म्हणून लेक बाबांच्याच नावानं बोटं मोडत राहिली. चौकशी अधिकाऱ्यांसमोरही तिचा तोल सुटला. "या वयात कशाला हवी होती ही थेरं? स्वतः गेले ते गेले, आईलाही घेऊन गेले!"

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "ताई, शवविच्छेदनात कळलं, तुमच्या वडिलांचं हृदय वर हवेतच बंद पडलं होतं. त्यानंतर ग्लायडर वस्तीवरून वळवून मोकळ्या शेताकडे नेलं, ते तुमच्या आईनं."