दोन हेरंब

मेथी निवडता निवडता शालनताईंनी रोजच्यासारखा मुलाला फोन लावला. हेरंब अपघातात गेला होता, पण ‘सांगाती’ कंपनीने त्याचा आवाज नि स्वभाव यंत्रात जपला होता. तो गेल्याचं शालनताईंनी त्याला कधी कळूच दिलं नव्हतं. आपण बंगळुरात नोकरीला आहोत, एवढंच त्याला ठाऊक होतं.

सून ऋताने तिचा हेरंब दुसऱ्या कंपनीत, ‘अनुनाद’मध्ये ठेवला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, त्याच्यापाशी पोटभर रडली, आणि दुसरं लग्न ठरल्यावर त्याचा निरोपही घेतला.

वर्षभर झुंजून अखेर काल ‘अनुनाद’ने ‘सांगाती’ गिळली आणि दोन्हीकडची खाती एक करून टाकली. त्यात दोन हेरंबांचा एक झाला. शालनताईंना याचा पत्ताच नव्हता.

“जेवलास का रे?” त्यांनी विचारलं.



“आई, मी गेलोय ना?”

शालनताईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. “तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, बाळा.”

“ऋता माझ्यापाशी रडली,” तो हळूच म्हणाला. “तू कुणापाशी रडलीस?”