चौथा भिडू

मनकर्णानं पत्ते पिसले आणि चार जागी वाटले. घोंगडीवर माणसं मात्र तिघंच होती.

तिच्या एका हाताला श्रीमंत नावाचा शिंपी, दुसऱ्या हाताला त्याची बायको मुक्ताबाई. समोरची जागा कानिफनाथची, तिच्या नवऱ्याची. तो चैतात गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला. आता श्रावण लागला होता.

श्रीगोंद्याच्या त्या गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं, की गुरुवारी कानिफनाथची पिठाची गिरणी बंद आणि दुपार कलली की त्याच्या ओसरीवर पत्त्यांचा मेंढीकोट. समोरासमोर बसतील ते भिडू. दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या ओढल्या तिचा डाव. हरणाऱ्यांनी चहा करायचा. नवराबायकोच्या त्या दोन जोड्या वर्षानुवर्षं अशाच भांडत, हसत खेळत आल्या होत्या.

नवऱ्याचं तेरावं झालं आणि मनकर्णानं स्वतः गिरणीचा पट्टा चढवला. रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन बाया रांगेला लागल्या. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. दुष्काळाचं साल, पीठ सगळ्यांनाच लागत होतं. पण पत्त्यांचं तसं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे गं,” मुक्ताबाई हळूच म्हणाली. “आमी नुसतं बसाय आलो हुतो.”

“बसलाच हाईत, तर पानं उचला.”

उंबऱ्यात भागिरथीबाई सुपातले खडे वेचत होत्या. मनकर्णाची सासू. लेक होता तेव्हाही खेळ चालला की त्या तिथंच सूप घेऊन बसायच्या आणि पत्त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं तेव्हा त्यांना घरानं वर्षभर कोपऱ्यात बसवलं होतं. सुनेला त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या. पण लेक गेल्यापासून कामापुरतंच बोलायच्या, आणि ते गप्प राहणं मनकर्णाला शिव्यांपेक्षा जड जायचं.

तेवढ्यात सायकल भिंतीला लागली. सहादेव, मनकर्णाचा धाकटा दीर, मळ्यातून आला होता. गिरणी विकून दोघींनी मळ्यात राहायला यावं, असं त्याच्या मनात होतं. तो ओसरीच्या पायरीवर थबकला. चार वाटण्या बघितल्या.

“वैनी, हे काय चाललंय?”

“खेळतोय, भावजी.”

“दादाला जाऊन वरीस न्हाई झालं. गल्ली बघतीया. उद्या आमाला गावात तोंड दाखवायचं हाय.”

“गल्लीला काल दळून दिलं, उद्याबी देईन. आज गिरणी बंद हाय.”

सहादेव वाकला, रिकाम्या जागेपुढची पानं उचलली आणि अंगणात भिरकावली.

श्रीमंत उठू लागला. मनकर्णानं त्याला हातानंच खाली बसवलं. ती अंगणात उतरली. समोरच्या ओट्यावरच्या बाया बघत होत्या. तिनं पदर सारखासुद्धा केला नाही. एकेक पान उचललं, लुगड्याला पुसलं. परत येऊन सगळे पत्ते गोळा केले, पुन्हा पिसले आणि पुन्हा चार जागी वाटले. एकही पान चुकलं नाही.

“आय,” सहादेव उंबऱ्याकडं वळला, “आता तूच सांग हिला.”

भागिरथीबाईंनी सूप खाली ठेवलं. चौकटीला धरून उठल्या. मनकर्णानं मान खाली घातली. दिराचं ऐकून घेणं सोपं होतं. लेक गमावलेल्या आईचं नव्हतं.

म्हातारी घोंगडीपर्यंत आली. गुडघ्यावर हात टेकत लेकाच्या जागेवर बसली आणि पानं उचलून रंगवार लावू लागली.

“आय, तुला त्यातलं काय कळतंय?”

“तू आधी उजेडातनं बाजूला हो.”

सहादेव बाजूला झाला. पायरीवर जाऊन बसला.

मुक्ताबाईनं बदामाची सत्ती टाकली. भागिरथीबाईंकडं बदामाचं एकच पान होतं, दश्शी. ती टाकावी लागली. आता पाळी श्रीमंतची. त्याचं बोट एका पानावर गेलं, तिथंच थांबलं. त्यानं म्हातारीच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि बोट सरकवून बदामाची दुर्री खाली टाकली. मनकर्णाचंही पान हलकंच निघालं.

“आत्याबाई, मेंढी तुमची,” श्रीमंत म्हणाला. “ओढा हात.”

भागिरथीबाईंनी पानांना हात लावला नाही.

“बोट लावून सोडलंस ते पान टाक.”

“असू द्या की, आत्याबाई. पहिलाच डाव तुमचा.”

“माझ्या लेकाला कधी मेंढी सोडली हुतीस?”

श्रीमंतनं दुर्री उचलली. बदामाचा राजा खाली आला, मेंढी त्याची झाली. त्याला म्हातारीकडं बघवेना. मनकर्णाचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

“ओढ आता,” भागिरथीबाई म्हणाल्या. “दुखवट्याला यायचं असंल तर उद्या ये. आज आमी दोघी खेळाय बसलोय.”